आठ मिलिमीटरची चौकट

फूटपट्टीची आठवी बारीक रेघ... चौकट तिथपर्यंतच आली होती. सबीहाने फूटपट्टी उचलली, ओढणीला पुसली, पुन्हा कागदावर ठेवली, एक डोळा मिटून बघितलं — आठच मिलिमीटर. मोजण्यात चूक निघाली असती तर किती बरं झालं असतं असं तिला वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटली. सतरा वर्षं बायांची नाडी धरणाऱ्या नर्सने आपली चूक निघावी म्हणून दुवा मागायची, म्हणजे कमालच झाली.

शेजारी आरोग्यसेवक भीमराज बसला होता. त्याच्या कागदावरची चौकट चांगली पाच सेंटिमीटर लांब, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या रेघा इतक्या दूर गेलेल्या की डावीकडची समासाला टेकायला आली होती. त्याने मान वाकडी करून सबीहाच्या कागदाकडे बघितलं.

"सिस्टर, तुमच्या गावच्या बाया काय एकाच साच्यातून काढल्यात का हो?"

तो चेष्टाच करत होता. भीमराजला चेष्टेशिवाय दुसरं काही येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. तरी तिने कागदावर हात ठेवला, शाळेत शेजारणीने उत्तर बघू नये म्हणून ठेवतात तसा, आणि हसली. हसणं जमलं नाही.

प्रशिक्षण कळमनुरीच्या एका मंगल कार्यालयात होतं. व्यासपीठावर मागच्या लग्नाची थर्मोकोलची अक्षरं अजून चिकटलेली होती, नवरदेवाचं नाव निम्मं गळून पडलेलं, आणि त्याच्याखाली उभ्या राहून ऐश्वर्या मॅडमनी सकाळी सगळं समजावून सांगितलं होतं. वय असेल पंचवीस-सव्वीस, पण शिकवण्यात हयगय नाही. जानेवारीचं रजिस्टर काढा. गरोदर बायांचं हिमोग्लोबिन लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा. एका ग्रॅमला दोन सेंटिमीटर धरा. अगदी मधला आकडा शोधा, तिथे उभी रेघ. मग खालच्या निम्म्या बायांचा मधला, वरच्या निम्म्यांचा मधला, या दोहोंच्या मध्ये चौकट. म्हणजे निम्म्या बाया चौकटीत. राहिलेल्यांसाठी चौकटीतून दोन्हीकडे रेघा ओढा, एक सगळ्यात लहान आकड्यापर्यंत, एक सगळ्यात मोठ्यापर्यंत. या मिशा. मिशा म्हटल्याबरोबर अख्खा हॉल भीमराजकडे वळून हसला, आणि त्याने बिनदिक्कत पीळ दिला होता... सबीहाही हसली होती तेव्हा. तासाभरापूर्वी तिला हसू येत होतं.

तिच्या बाया तेवीस. म्हणजे बारावी मधली, सहावी आणि अठरावी चौकटीच्या दोन भिंती. सहावीचं १०.०, अठरावीचं १०.४. मिशा तर काय, नुसत्या नावाला — इकडे ९.६, तिकडे १०.८. तेवीस बाया, आणि त्यातली सगळ्यात अशक्त आणि सगळ्यात धडधाकट यांच्यात अंतर एक पॉइंट दोनचं! त्यांत दिवसभर हळद काढणाऱ्या होत्या, मास्तरांची बायको होती, चौथं लेकरू पोटात असलेली होती, अठरा तरी पुरी झाली असतील की नाही अल्लाच जाणे अशीही एक होती. त्या सगळ्या आठ मिलिमीटरच्या आसपास अंग चोरून बसल्या होत्या, आणि त्यांना तिथे मी बसवलं होतं.

जानेवारीत स्ट्रिपा संपल्या होत्या. बोटाला टोचून रक्ताचा थेंब ज्यावर घ्यायचा तीच नाही, तर नुसतं मशीन काय चाटायचंय? फोन केला की पलीकडून एकच — येऊन राहिल्या, येऊन राहिल्या. महिना संपत आला. रजिस्टरचा रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. रिकाम्या रकान्याची नोटीस येते, भरलेल्याची कधी येत नाही. गावची आशा सेविका मिराबाई समोर बसून नावं वाचत होती, तिनेच म्हटलं होतं, "लिवून टाका की सिस्टर. तुमची नजरच मशीन हाय." आणि खोटं कशाला बोला, ते ऐकून बरं वाटलं होतं. खालची पापणी ओढून आतला रंग बघितला की सबीहाला रक्त कळतं, ही गोष्ट पंचक्रोशीत लोक एकमेकांना सांगत, आणि तिने कधी कुणाला थांबवलं नव्हतं.

पण लिहिताना नजर कुठे होती? सातच्या खाली लिहिलं की वरून फोन — बाई कुठे आहे, अजून हिंगोलीच्या दवाखान्यात का पाठवली नाही, आणि आधी हे सांगा, मोजलं कशावर? बाराच्या वर लिहिलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. म्हणून दहा. दहा कुणाला टोचत नाही. एकसारखे दिसू नयेत म्हणून ती शेवटचा आकडा बदलत गेली — १०.१, ९.९, १०.४ — आणि तेव्हा वाटलं होतं, किती वेगवेगळे लिहिले आपण! तीन आठवड्यांनी स्ट्रिपा आल्या. तोवर नव्या बाया आल्या होत्या, त्यांची बोटं टोचली. जुन्यांचा रकाना भरलेला होता, आणि भरलेल्या रकान्याकडे माघारी कोण जातं?

आज सकाळी आकडे ओळीने मांडताना नावं गळून गेली होती. एकच राहिलं होतं. चौदावा आकडा, १०.३ — पल्लवी.

पहिलटकरीण. काडीसारखी पोरगी. उपकेंद्राच्या बाकावर बसून पाटीवरची पेन्सिल कुरतडत होती. "पेन्सिल खाती का गं?" विचारलं तर लाजून म्हणाली, "लई गोड लागती." रक्त कमी असलेल्या बायांनाच माती, पेन्सिल गोड लागते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सबीहाने तिची पापणी ओढली होती. आत लाली म्हणून नव्हती. पांढरी, धुतलेल्या कापडासारखी. सहा असेल, कदाचित साडेपाच... आणि खाली बघून मी दहा पॉइंट तीन लिहिलं. नजर चुकली नव्हती माझी. मी घाबरले. स्ट्रिप नसताना सहा लिहिलं तर विचारतील, या एवढ्याशा भीतीने मी तिला दहा केलं. आता तिला नववा लागला होता.

"झालं, सबीहाताई?" ऐश्वर्या मॅडम पाठीशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी कागद उचलला. बराच वेळ बघितला.

"किती बायांचं आहे हे?"

"तेवीस."

"एकाच मशीनवर?"

"हो."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद भिंतीवर नेऊन लावला, इतर चौदांच्या मध्ये, आणि तिथूनच म्हणाल्या, "चहानंतर हा पहिला घेऊ. तुम्हीच वाचून दाखवा सगळ्यांना, काय दिसतंय ते." भिंतीवर पंधरा चौकटी, आणि दारातून आत येणाऱ्याची नजर जाईल ती एकच.

चहाचा कागदी कप हातात घेऊन ती अंगणात आली. काय सांगायचं? सांगता येईल — मॅडम, आमच्या गावात लोहाच्या गोळ्या सगळ्या बाया नेमाने घेतात, घरोघरी ज्वारी आहे, पालेभाजी आहे, म्हणून फरक कमी... तिने मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं. उत्तर छान बसलं होतं. इतकं छान की टाळ्या पडल्या असत्या, पुढच्या प्रशिक्षणात तिच्या गावाचं उदाहरण दिलं असतं, आणि आपल्याला हे इतक्या सहज सुचलं याची तिला स्वतःचीच भीती वाटली. चहा गार होत होता. तेवढ्यात फोन वाजला. मिराबाई.

"सिस्टर, त्या पल्लवीला डोळ्याम्होरं अंधारी येऊन राहिली. पाय बी सुजलेत. तिची सासू, कमलबाई, इचारून राहिली का हिंगोलीला न्यायचं काय. म्या म्हणलं, काहून? दहा पॉइंट तीन हाय तिचं, बराबर लिवलंय रजिस्टरात. लिंबू-पाणी पाजून निजवलंय तिला."

सबीहाने कप खाली ठेवला. हिच्याच समोर लिहिला होता आकडा. हिनेच तर लिवून टाका म्हटलं होतं... आणि दोन महिन्यांत मिराबाईला तो खरा वाटायला लागला होता. मिराबाईचं काय घेऊन बसलात — सकाळी १०.३ हा १०.२ च्या नंतरच यावा म्हणून मीच किती काळजीने मांडला!

"मिराबाई, तिला आत्ताच्या आत्ता न्या. गाडीला फोन लावा. तिथं गेल्यावर म्हणा, पहिलं रक्त तपासा."

"पण काहून? दहा..."

"दहा न्हाई ते."

"तुमीच तर लिवलं."

"तुमच्या म्होरंच लिवलं ना? स्ट्रिप होती का तवा?"

पलीकडे कुणाच्या तरी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिराबाई हळू आवाजात म्हणाली, "कमलबाई कारण इचारल. त्यांच्यात उद्या जागरण हाय, घर पाव्हण्यांनी भरलंय. ती अशी न्हाई सोडायची पोरीला. काय सांगू?"

चाचणी पुन्हा करायची आहे म्हणा. डॉक्टर बदललेत म्हणा. मशीन बिघडलं होतं म्हणा — तीन कारणं जिभेवर तयार होती, तिन्ही चांगली, आणि तिन्ही ऐकून कमलबाई म्हणाली असती, मग परवा नेऊ की.

"सांगा, सिस्टरनं मोजलंच नव्हतं."

"असं सांगू?"

"असंच सांगा. आन् गाडीत बसल्या का मला फोन करा."

फोन बंद झाला. आता कमलबाई ओरडेल, गावभर होईल, वर कळेल, नोकरीचं काय ते... सबीहा वाट बघत होती त्या भीतीची, आणि ती येत नव्हती. तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, थंड आणि जड, आणि ते पल्लवीवर थांबायला तयार नव्हतं.

आत खुर्च्या सरकल्या. "या, सबीहाताई," मॅडम म्हणाल्या. ती भिंतीपाशी गेली. मघाचं ते छान उत्तर शोधूनही सापडलं नसतं. तिने डाव्या मिशीच्या टोकाकडे बघितलं. ९.६. ही कोण? आणि ही १०.० वाली? जिचं दहा लिहिलं ती सहाची असेल, तर मग सहाची आणखी कोण? आठ मिलिमीटरच्या त्या चौकटीत कोण कुठे बसलंय, कुणाचे पाय सुजलेत, कोण आत्ता या घडीला उन्हात हळद काढत उभी आहे आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आहे...

"काय दिसतंय?" मॅडमनी मार्कर पुढे केला.

सबीहाने तोंड उघडलं. वाचायचं राहिलं, आणि ओठांत नावं यायला लागली, एकेका घराच्या ओळीने, आंबेडकर चौकातली आधी, मग मशिदीमागची, मग ओढ्याकडच्या वस्तीवरची. एकोणीस झाली. तिने पुन्हा पहिल्या घरापासून धरलं, सगळा हॉल बघत होता, तिला त्याचं काही नव्हतं, आणि पुन्हा एकोणीसच भरली. चार जणी कुठल्या घरच्या, ते काही केल्या आठवेना.