बुडाला लागू नये म्हणून

मार्गशीर्षातली सोनसळी, संथ सकाळ. पंचगंगेकाठी धुके उसाच्या रुपेरी तुऱ्यांवर रेलले होते. गुऱ्हाळाचा गोड, गहिरा धूर त्या धुक्यात विरघळत होता. काहिलीत रस उकळत होता, फेसाळत होता, रंग बदलत होता. काहिलीपाशी बाळगोंडा आप्पा मात्र नव्हते.

चाळीस वर्षे आप्पांनी तो रस ढवळला. आधी हिरवट, मग फेनधवल, मग केशरी, मग गुळाचा सुवर्णगर्भ तांबूस! जिभेवर थेंब ठेवून पाक ओळखणारे हे रसज्ञ गुळवे. त्या जिभेनेच रक्तात साखर आणली, असे त्यांच्या पत्नीचे ठाम मत होते. डॉक्टर एवढे ठाम कधी बोलले नाहीत.

त्यांची लेक पद्मजा कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत मायक्रो-आरएनए मोजते. बावीसेक अक्षरांचे इवले, अदृश्य, अल्पाक्षरी धागे. पेशीतल्या मोठमोठ्या आज्ञांना हळूच गप्प करणारे. साखरेने मूत्रपिंड शिणू लागले, की लघवीत प्रथिने दिसण्याआधीच यांतले काही धागे रक्तात वाढत असावेत, असा तिचा शोध सांगत होता. धाकट्या काकांना तिने डायलिसिसच्या खुर्चीत झिजताना पाहिले होते. म्हणूनच ती या शोधाकडे वळली.

सोमवारी पद्मजाच्या सांगण्यावरून गावच्या नर्सने आप्पांचे रक्त काढले. पोहोचवायला कोणी मिळेना, म्हणून नळी घेऊन आप्पा स्वतःच एसटीने कोल्हापूरला आले. बुधवारी आकडा आला, आणि पद्मजाने तो तीनदा वाचला. जो धागा जेमतेम दिसायला हवा, तो दहापट!

दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. शुक्रवारी पुन्हा तपासायला तिने तीच नळी उजेडात धरली. तांबड्या पेशी खाली बसल्यावर वरचा द्रव पिवळसर हवा होता. तो गुलाबी होता, कोवळा, कमळकळीसारखा गुलाबी. भीतीच्या भरात तिने आधी तिकडे पाहिलेच नव्हते.

तिने फोन लावला. “आप्पा, नळी कशी आणली होती तुम्ही?”

“कशी म्हंजे? हलवत आणली की. लाल लाल बुडाला बसाय लागलं हुतं. बुडाला बसलं की लागतंय, पोरी! कोल्हापूरपातुर हात थांबवला न्हाई बघ.”

ती हसली, आणि हसता हसता रडली. रक्त म्हणजे रस नव्हे, हे त्या हाताला कोण सांगणार! ढवळून ढवळून तांबड्या पेशी फुटल्या होत्या, आणि त्यांच्या पोटातले धागे सांडून आकडा फुगला असावा. पण ‘असावा’ या शब्दावर लेकीला झोप येत नाही.

म्हणून आज आप्पा प्रयोगशाळेच्या बाकावर बसले होते. नवे रक्त तिच्यासमोर काढले गेले. नळी शांत, सरळ, स्तब्ध उभी राहिली. द्रव पिवळा, पारदर्शक, पहाटकोवळ्या उन्हाचा. बाहेर ऊन चढले, कलले. आप्पांचा उजवा हात मांडीवर गोल, गोल फिरत होता. त्यांचे तिकडे लक्षही नव्हते.

साडेपाचला आकडा आला. जेमतेम, अगदी जेमतेम. लघवीही निर्मळ होती. औषधे, पथ्य, दर वर्षी तपासणी हे सारे होतेच; पण आज मूत्रपिंडे शाबूत होती.

“काय आलं?” आप्पांनी विचारले.

“लागलं नाही, आप्पा. बुडाला काहीच लागलं नाही.”

पश्चिमेची खिडकी गुळाच्या रंगाने भरून आली. आणि चाळीस वर्षे न थांबलेला तो हात लेकीच्या दोन तळव्यांत थांबला. निवांत, निश्चल, निवलेला.