ग्रहणानंतरची प्रश्नपत्रिका

बाईंनी लाल पेनची टोपी दातांनी काढली आणि ‘कोळसा पेटवणे – दुर्बीणवाले’ या ओळीवर सरळ रेघ मारली.

“ज्याला घरची शेगडी पेटवता येत नाही,” त्या म्हणाल्या, “तो म्हणे कोळशाचं माझ्याकडे सोपवा.”

शेजारचे दुर्बीणवाले तिथे नव्हते हे बरंच होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुर्बीण घेतली होती आणि सहा वर्षं ती कपाटावर खोक्यातच होती; पण तेवढ्या भांडवलावर ते जिन्यात भेटेल त्याला आकाश समजावून सांगत. टेबलापाशी बाईंचा धाकटा भाऊ होता आणि भावजय. धाकटा वर्कशॉपमधून तसाच आला होता, म्हणून खुर्चीच्या कडेवर टेकला होता. पाठ टेकवली तर कापड काळं होईल, आणि मग ताई काय बोलेल ते त्याला पाठ होतं.

टेबलावर आराखडा पसरला होता. चार पानं, पट्टीने आखलेली. डावीकडे वेळ, मधे काम, उजवीकडे माणूस. येत्या रविवारी खग्रास सूर्यग्रहण होतं. अकरा एकेचाळीसला सूर्य पूर्ण झाकला जाणार आणि दोन मिनिटं चार सेकंद झाकलेला राहणार. बाईंनी एकतीस वर्षं नववीच्या वर्गाला ग्रहण शिकवलं ते संत्रं, लिंबू आणि टेबलावरचा दिवा घेऊन. खरं ग्रहण त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. या गावावर अशी सावली पुन्हा पडायला एकशे बारा वर्षं होती. तेव्हा आपण नसू, याचं त्यांना वाईट वाटे. दुर्बीणवालेही नसतील, हा त्यातल्या त्यात दिलासा.

अकरा माणसं बोलावली होती. नुसतं आकाश बघायला बोलावलं तर कोणी येत नाही, हे बाई जाणून होत्या. “उघड्यावर कोळशावर काहीतरी भाजणार आहोत म्हटलं की हीच मंडळी सकाळी नऊला पोट घेऊन हजर. सूर्य त्यांना तोंडी लावायला.”

“वन्सं, मग बोलावलंत कशाला?” भावजय म्हणाली.

“कोणीतरी शिकेल, म्हणून.”

अडचण एकच होती आणि ती बाईंना खुपत होती. त्यांच्या गॅलरीच्या डोक्यावर वरच्या मजल्याची गॅलरी होती. चारही बाजूंचं क्षितिज मोकळं दिसेल असं ओळखीतलं ठिकाण एकच: धाकट्याच्या वेल्डिंग वर्कशॉपमागचं पटांगण. त्या जागेत बाईंनी बावीस वर्षांत दोनदा पाऊल टाकलं होतं, आणि दोन्ही वेळा घरी येऊन चपला धुतल्या होत्या.

“पटांगण नीट झाडून घे. लोकांच्या पायात लोखंडाचा कीस जायला नको.”

“दोरीला लोहचुंबक बांधून फिरवतो, ताई. केसाएवढा तुकडा राहत नाही.”

“दोनदा फिरव. आणि भाजायचं कशावर?”

“पिंप उभं चिरलंय. खाली चार पाय, वर जाळी. चाळीस कणसं मावतील.”

“पिंप! त्यात आधी काय होतं?”

“काही नव्हतं. नवं आहे. तरी तीनदा आत जाळ करून घेतलाय.”

बाईंनी ‘पिंप’ असं लिहिलं नाही. ‘भाजणी-यंत्र’ असं लिहिलं.

मग धाकट्याने पायाशी ठेवलेली पिशवी टेबलावर घेतली. आतून पत्र्याच्या चौकटी निघाल्या, हातात धरायला दांडी असलेल्या, आणि प्रत्येकीत वेल्डिंगची काळी काच. कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की बोट फिरवत राहावंसं वाटावं.

“चौदा नंबरची काच आहे. सगळ्यात काळी. सूर्याला हीच चालते. बारा केल्यात, एक जास्तीची.”

“हे काय, जत्रेतले आरसे?” बाईंनी एक चौकट दोन बोटांत उचलली, उलटीसुलटी केली आणि ठेवली. “मी रीतसर चष्मे मागवलेत. पुठ्ठ्याचे. त्यावर छापलेलं आहे सगळं. वाचता येणाऱ्यांसाठी.”

धाकटा हसला. त्याच्या हसण्याचा बाईंना लहानपणापासून राग होता. माणसाने अपमान झाला की निदान लाल तरी व्हावं. हा हसायचा.

शाळेतही तसंच. बाईंच्या नोकरीचं पहिलं वर्ष आणि हा त्यांच्याच वर्गात. एकदा सगळ्यांदेखत ‘ताई’ म्हणाला म्हणून तासभर उभा केला होता. उत्तर येत नसलं की बुटांकडे बघायचा आणि दोनांतलं जे पहिलं सुचेल ते ठोकून द्यायचा. चंद्राची सावली पृथ्वीवरून कुठून कुठे सरकते? बुटांकडे नजर. पूर्वेकडून पश्चिमेकडे, बाई. चूक. शून्य. त्या वर्षी तो भूगोलात दोन गुणांनी गेला आणि पुन्हा शाळेत आला नाही.

“शेवटचं,” बाईंनी पान उलटलं. “खग्रास स्थिती असेल तेवढा वेळच चष्मे काढायचे. उघड्या डोळ्यांनी बघायचं. सूर्याची कड पुन्हा बाहेर पडायच्या आत चष्मे परत डोळ्यांवर. नाहीतर जन्माची खोड मोडेल. त्यासाठी घंटा.”

कपाटातून त्यांनी पितळेची हातघंटा काढली. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेली.

“दोन मिनिटं झाली की मी वाजवणार. ही दुसऱ्या कोणाच्या हातात देण्यासारखं माणूस यादीत नाही.”

“आमच्याकडे घंटा नसते,” धाकटा म्हणाला. “ठिणगी पाडायच्या आधी नुसतं ‘डोळे!’ ओरडतो. ऐकलं की मिटायचे. विचार करत बसायचं नाही.”

“ती वर्कशॉपची रीत झाली.”

“आणि तू वाजवायला विसरलीस तर?”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “मी? एकतीस वर्षांत एक तास मिनिटभर उशिरा सोडला नाही.”

धाकटा पुन्हा हसला.

“आणि हे काय, वन्सं?” भावजयीने चौथं पान ओढलं. “प्रश्नपत्रिका?”

“जेवणानंतर. पाच प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. खरंच कोणी पाहिलं आणि कोण नुसतं आ वासून उभं होतं, ते कळेल. शुक्र सूर्याच्या डाव्या बाजूला दिसला की उजव्या? पाहिलं असेल त्याला पुस्तक लागत नाही.”

“दोन दोन गुण,” भावजय हळूच म्हणाली. “आमच्या घरात त्या आकड्याचं भारी नशीब.”

“गप गं,” धाकटा म्हणाला. मग आराखड्यावर वाकून त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. बोटाचा ठसा उमटू नये म्हणून वरच्या वर. “अकरा एकेचाळीस. इथे माझ्यापुढे लिहिलंयस, कणसं उलटणे.”

“मग? कोळसा ग्रहणासाठी थांबणार आहे का?”

“मला बघायचं होतं, ताई.”

“तुला काय नवल त्याचं? जन्म गेला झगझगाट बघण्यात.”

“काचेतून गेला.” हे म्हणताना मात्र तो हसला नाही. “तीस वर्षं जे जे लखलखीत पाहिलं ते काचेआडून. कधी वाटतं, तोंडावरची ही ढाल काढून एकदा सरळ बघावं. पण बघता येत नाही. हे एकच असं निघालंय की जिथे माणसं आपणहून सांगतात, काढा काच आणि बघा. तेवढी दोन मिनिटं मला हवी होती.”

बाईंनी पेनची टोपी लावली.

“बघू,” त्या म्हणाल्या. ओळ होती तशीच राहिली.

रविवारी नऊला सगळे हजर होते. बाईंचा अंदाज लोकांच्या बाबतीत सहसा चुकत नसे, आणि तो बरोबर ठरला की त्यांना फार एकटं वाटे. पण ते त्या कोणाला सांगत नसत. दुर्बीणवाल्यांनी दुर्बीण आणली होती आणि तिचा पाय घरी विसरले होते. दोघं जण पुठ्ठ्याच्या चष्म्यांवर बसले. त्यांना धाकट्याने मुकाट्याने दोन चौकटी दिल्या. मग बाकीच्यांनीही चौकटीच मागितल्या, कारण त्या हातात धरायला बऱ्या वाटत होत्या. बाईंनी एकटीने पुठ्ठ्याचा चष्मा ठेवला.

पटांगणात कीस सोडा, काडीसुद्धा दिसत नव्हती. खुर्च्या दक्षिणेकडे तोंड करून मांडल्या होत्या. घड्याळ आराखड्यात लिहिल्याप्रमाणे शेडच्या भिंतीवर, सगळ्यांच्या पाठीमागे टांगलं होतं. माणसांनी घड्याळाकडे बघत बसू नये, असा बाईंचा हेतू.

अकरा वाजता कणसं जाळीवर चढली. सव्वाअकराला उजेड पातळ झाला. दुर्बीणवाले म्हणाले, “आता बघा, तापमान पडणार,” आणि बाई म्हणाल्या, “तुम्ही बोलायचे थांबलात तर पडेलही.” साडेअकराला सावल्यांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या धारदार झाल्या. कोणीतरी विनोद केला, त्यावर कोणी हसलं नाही.

अकरा चाळीसला भावजयीने नवऱ्याच्या हातातला चिमटा काढून घेतला.

“जा तुम्ही.”

“ताईने लिहिलंय...”

“लिहू दे. जा म्हटलं ना.”

बाईंनी ते ऐकलं. मागे वळून काहीतरी सुनवावं असं त्यांच्या मनात आलं, तेवढ्यात पश्चिमेकडून गावावर काळोख चालत आला.

चष्मा कधी काढला ते बाईंना कळलं नाही. वर, जिथे सूर्य असायला हवा होता, तिथे एक काळं भोक होतं, आणि त्याच्या भोवती पांढरे केस सुटल्यासारखं काहीतरी, हलत नसलेलं आणि तरी जिवंत. संत्र्यात हे नव्हतं. लिंबातही नव्हतं. एकतीस वर्षं त्या मुलांना काय सांगत होत्या, देव जाणे. उजवीकडे, जरा खाली, शुक्र इतका मोठा लागला होता की कोणी दिवा टांगून गेल्यासारखं वाटावं. चारी बाजूंच्या क्षितिजावर एकाच वेळी संध्याकाळ झाली होती. बाईंच्या ओठांतून एक नाव निघालं, जे त्या आईच्या पाठोपाठ लहानपणी म्हणत आणि नंतर कधी म्हटलं नव्हतं. हात आपोआप जुळले. जुळताना त्यांत काही धरलेलं होतं का, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

“डोळे!”

आवाज पाठीमागून आला, लोखंडावर लोखंड आपटावं तसा. बाईंनी डोळे मिटले. विचार केला नाही. अकराच्या अकरा माणसांनी मिटले. मिटलेल्या पापण्यांवर दुसऱ्याच क्षणी उजेड येऊन आदळला, आणि कुठेतरी दुर्बीणवाल्यांचा रडवेला आवाज आला, “अरे देवा, अरे देवा.”

“चौकटी लावा. मग उघडा,” मागचा आवाज म्हणाला.

बाईंनी चाचपडत चष्मा लावला, मान खाली घातली आणि मग काढला. घंटा पायाशी मातीत आडवी पडली होती. ती पडली तेव्हा वाजली असणार. इतकं मोठं पितळ जमिनीवर पडलं तर वाजणारच. त्यांना ऐकू आलं नव्हतं.

त्या वळल्या. धाकटा शेडच्या भिंतीसमोर उभा होता. त्याचं तोंड घड्याळाकडे होतं आणि पाठ आकाशाकडे. जाळीपाशी हातात चिमटा घेऊन भावजय त्याच्याकडे बघत होती.

“अहो,” ती म्हणाली, “घंटा पडली तेव्हा तुम्ही वळलात, ते आत्तापर्यंत...”

त्याने पाठीमागे हात नेऊन तिला गप्प राहायची खूण केली. मग वळून हसला. तेच हसणं.

लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. बाई पटांगण ओलांडून त्याच्यापाशी गेल्या. त्यांनी पर्समधून घडी केलेलं चौथं पान काढलं आणि लाल पेन.

“पाहिलंस ना तू?”

“पाहिलं की.”

“मग सांग. प्रश्न पहिला. शुक्र कुठल्या बाजूला होता?”

धाकट्याने बुटांकडे बघितलं. बुटांच्या टोकांवर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं होती.

“डावीकडे,” तो म्हणाला.

जाळीवर एक कणीस फुटलं. बाईंनी पान भिंतीला लावलं, पेनची टोपी दातांनी काढली आणि पहिल्या प्रश्नापुढे ठळक, गोलसर आकड्यात दोन लिहिलं.

“बरोबर,” त्या म्हणाल्या.