सोजराबाईची धुरी

"हिरडी कशानं भाजली?" डॉक्टरनं विचारलं.

"चा गरम होता जी," तुळशीराम सुजलेल्या गालातून कसाबसा बोलला. सोजराबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. आज बायकोच्या नावासाठी बोलला.

देऊळघाटात दात दुखला की लोक सोजराबाईचं दार ठोठावत. निखाऱ्यावर रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी टाकून ती नळीनं दाढेला धूर द्यायची आणि तोंडाखाली धरलेल्या पाण्यात पांढरे किडे पडायचे. त्या किड्यांवर तिला पंचक्रोशीत मान होता. पण घरच्याच दाढेत पू झाला आणि कितीही धुरी दिली तरी नवऱ्याचं तळमळणं थांबेना. काल तिनं कोणाच्या तोंडाशी न धरता नुसतंच बी जाळलं. तरी पाण्यात किडे पडलेच! आग लागो त्या किड्यांना, ते बियांतलेच होते. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि नशीब बघा, बुलढाण्याच्या या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर गावातलीच अन्नपूर्णाबाई बसलेली! तिच्या दाढेतले किडे सोजराबाईनं पोळ्यालाच काढले होते. दार सताड उघडं.

"दाढेत घरचं काही औषध घातलं असेल तर सांगा," डॉक्टर म्हणाला. "नाहीतर मी मशीन लावणार नाही."

सोजराबाईनं पदर सावरला, सोडला, पुन्हा सावरला.

"चा नाई जी. म्या भाजली. धुरी देल्ली."

बाहेर बाक करकरला.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती; डॉक्टर मुंबईहून नवं मशीन घेऊन आला होता. दाढेच्या मुळांत सुया घालून खरवडायला नको, म्हणाला. दाढेला बारीक भोक पाडायचं, पाणी सोडायचं. मशीनच्या आवाजानं पाणी थरथरतं आणि आतली घाण धुऊन निघते. त्यानं मशीन सुरू केलं.

"आवाज तं काही येऊन नाई राह्यला," सोजराबाई म्हणाली.

"माणसाच्या कानाला येत नाही तो."

घ्या! तिचे किडे साऱ्या गावाला दिसत होते आणि गुण काडीचा नव्हता. सवयीनं ती नवऱ्याच्या तोंडाखालच्या भांड्यात वाकून बघत राहिली. नुसतं गढूळ पाणी. हळूहळू तुळशीरामची आवळलेली मूठ सुटली, आणि तिला रडूच फुटलं.

त्याला धरून बाहेर आणलं तर अन्नपूर्णाबाई समोर उभी.

"मंग माह्या दाढेतले, सोजराबाई?"

"बियातलेच होते व माय."

"पन मले तं बरं वाटलं होतं!"

सोजराबाईनं तिच्या गालाकडे निरखून पाहिलं.

"आता दुखून राह्यली का?"

"हाव. रातभर झोप नाई."

सोजराबाईनं नवऱ्याला बाकावर टेकवलं, अन्नपूर्णाबाईचा हात धरला आणि तिला आत नेऊन डॉक्टरच्या खुर्चीत बसवलं.