आतल्या खोलीत न गेलेली खुर्ची

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे, मित्रांनो, पण जुनी म्हणून माझी कीव करायला येऊ नका. माझे पाय लांब, बूड छोटं, पुढे जेवणाची फळी आणि कमरेला पट्टा. माझ्यावर फक्त दीड-दोन वर्षांची माणसं बसतात. चाकणला हसीनाबाईंच्या खानावळीत शिरलात की पहिल्याच टेबलाशी मी दिसेन. एकदा मला तिथून उठवायचा घाट घातला होता. मला! म्हणून म्हटलं, काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका.

माझा जन्मच एका घोटाळ्यातून झाला. सोयोन नावाची एक कोरियाची बाई. नवऱ्याला इथल्या गाड्यांच्या कंपनीत काम मिळालं, म्हणून ती आपला मुलूख सोडून चाकणला आली. पहिल्यांदा ती इथे जेवायला आली तेव्हा कडेवर दीड वर्षाची लेक होती, यूना. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. लेकुरवाळी बाई जेवायला बसली की कुणीतरी पोर उचलायचं आणि म्हणायचं, "खाऊ दे तिला दोन घास सुखानं." भाकऱ्या थापणाऱ्या मंजुळाबाईंनी तेच केलं. सोयोन हात धुवायला वळली, तेवढ्यात त्या यूनाला घेऊन थेट भटारखान्यात गेल्या, फुगलेली भाकरी दाखवायला.

सोयोन परत आली तर पोर गायब! तिने अशी किंकाळी फोडली की जेवणाऱ्यांचे घास हातातच राहिले. यूना सापडली ती पिठाच्या परातीत हात घालून खिदळताना. तिची आई मात्र पोरीला छातीशी धरून न जेवताच निघून गेली. मंजुळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मी काय पोरं चोरनारी बाई हाय व्हय?"

"नाही हो मावशी," हसीनाबाई म्हणाल्या. "तुम्ही मायेनंच नेलीत. पण तिला आपली रीत काय माहीत? तिची पोर तिच्या डोळ्यांसमोर पाहिजे."

त्यांनी भावाला, रहिमानला, लहान मुलाची खुर्ची करायला सांगितली. रहिमानचं वेल्डिंगचं दुकान. कंपन्यांना मशीनचे स्टँड करून द्यायचे हा त्याचा धंदा. पोरांची खुर्ची त्याने बापजन्मी केली नव्हती. मग काय, स्टँडचाच पाइप, मशीनचाच हिरवा रंग, आणि सवयीप्रमाणे फरशीला भोकं पाडून चार फाउंडेशन बोल्ट ठोकून गडी मोकळा!

हसीनाबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, खुर्ची आहे ती! लेथ मशीन नाही!"

"आपा, पोरानं कितीबी धिंगाणा घालू दे, ही पडणार नाही," रहिमान म्हणाला. मला त्याचा फार अभिमान वाटला. अजूनही वाटतो.

हसीनाबाईंनी निरोप पाठवला, तेव्हा सोयोन बिचकत बिचकत आली. तिने मला दोन्ही हातांनी गदगदा हलवून पाहिलं. मी तसूभरही हलले नाही. ती हसली आणि यूनाला माझ्यावर बसवलं. मग दिवसाआड दोघी येऊ लागल्या. यूना भात कुस्करायची, वरणाने माझी फळी सारवायची, चमचा खाली टाकायची आणि तो कुणी उचलून देईपर्यंत ओरडायची. मंजुळाबाई आता लांबूनच "यूनाबाई, जेवलीस का?" म्हणून विचारायच्या.

सोयोन आपल्या भाषेत फोनशी बोलायची आणि फोन ते मराठीत सांगायचा. एकदा तो म्हणाला, "दिवसभर घरात आम्ही दोघीच असतो. इथे माझ्या मुलीला लोक नावाने हाक मारतात. इथे आलं की मला एकटं वाटत नाही." हसीनाबाईंनी तिच्या वाटीत अजून आमटी वाढली.

आणि मग आले दौलतराव. कांद्याचे मोठे व्यापारी. बाजाराच्या दिवशी दहा-बारा माणसं घेऊन यायचे आणि अर्धी खानावळ भरून टाकायचे. एके दिवशी यूनाने चमचा भिरकावला आणि आमटीचे चार थेंब त्यांच्या पांढऱ्या बाहीवर उडाले. झालं! नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हसीनाबाई, ही खानावळ आहे का बालवाडी? पोरंबाळं आतल्या खोलीत बसवा. नाहीतर आमची पंगत आजपासून बंद!"

आतली खोली म्हणजे काय, तर कांद्याच्या गोण्या, गॅसच्या टाक्या आणि खिडकीचा पत्ता नाही. खरं सांगते, हसीनाबाईंचं तोंड उतरलं. दौलतराव गेले तर खानावळ चालायची कशी? त्यांनी रहिमानला फोन लावला, "पाना घेऊन ये." मग मान खाली घालून त्या सोयोनजवळ गेल्या आणि आतल्या दाराकडे हात केला.

सोयोनला सगळं समजलं होतं. तिने माझा पट्टा सोडला. "आत नाही," ती म्हणाली. "घरी." यूनाने माझी फळी घट्ट धरून ठेवली होती आणि तिची आई एकेक बोट सोडवत होती. मित्रांनो, लोखंडाची असले तरी माझा जीव जळत होता.

तेवढ्यात मंजुळाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "बस गं खाली! कुटं निगालीस?" आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "का वं दौलतराव? तुमी काय आईच्या पोटातनंच रुमाल लावून जेवायला शिकून आला व्हता?"

सगळी खानावळ खो खो हसली. दौलतराव लालबुंद झाले. "हसीनाबाई, या बाईला गप्प करा. नाहीतर मी हा उठलो!"

सगळे हसीनाबाईंकडे पाहू लागले. त्या दौलतरावांच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मावशी बरोबर बोलल्या. चूक माझी झाली. ही बाई परक्या मुलखात लेकरू घेऊन माझ्या भरवशावर जेवायला येते. तिला मी गोण्यांत बसवणार नाही. तुम्हाला उठायचं तर उठा."

दौलतराव ताटावरून उठले. मागोमाग त्यांची माणसं उठली. एकाने जाता जाता भाकरीचा तुकडा तोंडात कोंबलाच. सोयोन परत बसली. तिला सगळे शब्द कळले नसतील, पण ती रडत रडत जेवली.

रहिमान पाना घेऊन धावत आला. "आपा, कुठले बोल्ट काढू?"

"काढू नकोस. माप घे," हसीनाबाई म्हणाल्या. "अशीच अजून एक कर. दौलतराव बसायचे ना, त्या टेबलाशी ठोक."

दौलतराव अजून फिरकलेले नाहीत. बाजाराच्या दिवशी अर्धी खानावळ ओस असते आणि हसीनाबाई दाराकडे बघत राहतात, हे मी लपवणार नाही. पण त्यांनी आपला शब्द मागे घेतलेला नाही.

तेव्हा मित्रांनो, माझी फळी पुसा, पट्टा तुटला तर शिवा, एवढं मागणं आहेच. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कडक इस्त्रीचे कपडे घालून जेवायला बसाल आणि शेजारचं लेकरू तुमच्यावर आमटी उडवेल. तेव्हा बाही धुवा आणि जेवा. त्याच्या आईला आतली खोली दाखवू नका. आणि दाखवायला आलातच, तर नीट लक्षात ठेवा, आता आम्ही दोघी आहोत.