पिंडाला कावळा

पूर्णिमा गेली आणि शंकररावांच्या घरातलं बोलणंच संपलं. ताप आला, छाती भरली, बघता बघता धडधाकट सून हातची गेली. तपासणीत पक्ष्यांचा रोग, बर्ड फ्लू, निघाला. तो कुठून आला हे म्हाताऱ्याला आणि तिच्या नवऱ्याला, सुजयला, चांगलं ठाऊक होतं. पण ब्र काढायची कुणाची छाती!

अविधवा नवमीला शंकररावांच्या बायकोचं, शांताबाईंचं श्राद्ध होतं. गच्चीवर पान ठेवलं तर कावळा आला तो पंख पाडूनच. घासाला शिवेना. पूर्णिमाने त्याला चक्क ओंजळीत घेतलं, चोचीत पाणी सोडलं. "आई, दोन थेंब तरी घ्या ना," म्हणाली. तो तिच्या हातातच मेला. सासू सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेली म्हणून घरादाराचे डोळे भरून आले. काय म्हणावं या भाबडेपणाला!

आता आरोग्य खात्याच्या डॉक्टर रुची समोर बसल्या होत्या.

"घरात कोंबडी, कबूतर, कुठला पक्षी?"

"नाही मॅडमजी," सुजय म्हणाला.

"काकाजी, दोष कुणाचा ते नाही विचारत मी. कोरोना नेमका कुठून सुरू झाला, अजून पक्कं नाही कळलं. मग पुढच्या वेळेस पहारा कुठे द्यायचा? इथली सुरुवात कळली तर बाकीची घरं वाचतील."

सुजयने वडिलांना स्वयंपाकघरात ओढलं. "बाबा, कावळ्याचं नाव घेतलं तर घाटावरचे पिंड बंद करतील. हिचं दसवं होऊन जाऊ द्या, फिर सांगा. आणि लोक काय म्हणतील? सासूच सुनेला घेऊन गेली!"

शंकरराव खिडकीशी गेले. पूर्णिमाच्या पिंडाला कावळा शिवायला नको? तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून प्रमोदिनीबाईंची हाक ऐकू आली, "काव, काव!" त्यांच्याकडे आज वर्षश्राद्ध होतं. पान घेऊन त्यांची सून उभी होती.

म्हातारा बाहेर आला. "कावळा होता, डॉक्टरबाई. आजारी. आमच्या पूर्णिमाने हातात धरला होता."

खात्याच्या माणसांनी शोध घेतला, तर झाडांखाली आणखी मेलेले कावळे सापडले. गच्च्यांवरची पानं थांबली, घाटावर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा हुकूम निघाला. सुजयने वडिलांशी बोलणं टाकलं.

दहाव्याला गुरुजी दर्भ वळत होते. इतक्यात घाटाच्या भिंतीवर एक खराखुरा कावळा उतरला, चांगला तुकतुकीत. उड्या मारत तो पिंडाजवळ आला.

"आली!" सुजयने हात जोडले. "बाबा, हलू नका."

शंकररावांनी काठी उगारली. "हाड!"

कावळा भुर्रकन उडाला आणि पुन्हा भिंतीवर जाऊन बसला. सुजय हमसून हमसून रडू लागला. पिंड पाण्यात सोडेपर्यंत म्हातारा काठी उगारून तसाच उभा होता, आणि तोंडाने सारखं म्हणत होता, "पूर्णिमा, उपाशी धाडतोय गं तुला."