पाण्यातला चेहरा

बोरगावच्या जैन घरांत पाणी गाळून भरायची रीत. दुहेरी फडक्यातून धार घागरीत पडते आणि फडक्यात अडकलेले जीव हलक्या हाताने पुन्हा विहिरीत सोडतात. बाकीच्या बायका हे काम गप्पा मारत उरकायच्या. पद्मावतीला मात्र धारेचा आवाज कानी पडला की दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, बोटं गार पडायची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत दूधगंगेच्या पुरात तिचा नवरा रायाप्पा गेला, तेव्हापासूनचं हे. नदीकडे तर तिने पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं.

बायका हळहळायच्या, बिचारी म्हणायच्या. बिचारी कसली, ती त्या धारेची वाट बघायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला वेडी ठरवायला गाव टपलेलंच होतं.

त्या घाबरण्यात तिला रायाप्पा दिसायचा. वडीलधाऱ्यांच्या घरात सुनेने नवऱ्याकडे मान वर करून बघायचं नसे. वाढताना त्याचं ताट दिसे, अंगणात त्याची पावलं, आणि रात्री दिवा आधी मालवलेला असे. भर उजेडात, समोरासमोर तिने नवऱ्याला पाहिलं ते एकदाच, नदी ओलांडताना बैलगाडी पुराच्या पाण्यात कलंडली तेव्हा. त्याने तिचा हात ओढून बैलाच्या शेपटीवर ठेवला आणि म्हणाला, "सोडू नगं." भुवयांवरून पाणी निथळत होतं, ओठाच्या कडेला तीळ होता, डोळे थेट तिच्या डोळ्यांत होते. बैल काठाला लागला, रायाप्पा लागला नाही. तेव्हा ब्राह्मी पोटात होती. फोटो काढून घ्यायचं घरात कुणाला सुचलंच नव्हतं.

ती ब्राह्मी लग्न होऊन नदीपलीकडे नांदायला गेली. पहिलटकरणीने माहेरी यायचं, पण तिच्या पायांना सूज आली आणि गाडीचे हिसके नकोत असं ठरलं. आता आईलाच तिकडे जायला हवं होतं. दीर रायगोंडाने पद्मावतीची भीती घालवायला निपाणीच्या मारुतीराव डॉक्टरांना घरी आणलं.

डॉक्टर हुशार होते, आणि ते त्यांना स्वतःलाही चांगलं माहीत होतं. ते म्हणाले, "बाई, जिवावर बेततं तेव्हा रक्तात एक रस सुटतो. काळीज धडधडतं आणि त्या क्षणी जे दिसलं, ऐकलं ते मेंदू घट्ट धरून बसतो. पुढे नुसता पाण्याचा आवाज आला तरी त्याला वाटतं, पूर आला. आता रोज पाण्यापाशी बसा. काही वाईट घडत नाही हे पुन्हा पुन्हा बघून मेंदू नवा धडा शिकेल. रशियात कुत्र्यांवर असे प्रयोग झालेत."

"म्हंजे मी कुत्रं का काय?" पद्मावती म्हणाली. रायगोंडा गालात हसला. पण लेकीसाठी ती बसली. आधी तांब्यापाशी, मग घागरीपाशी, मग विहिरीच्या पायरीवर तासन् तास. हळूहळू घाम थांबला, बोटं ऊबदार राहू लागली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

एका सकाळी तिने सगळं पाणी निवांत गाळलं आणि मग तिच्या ध्यानात आलं, आज तो दिसलाच नाही. तिने डोळे मिटले. पाणी होतं, बैल होता, शब्दही होते. तीळ ओठाच्या उजवीकडे की डावीकडे, ते सांगता येईना. डॉक्टरांचा उपाय तिथेच थांबवावा असं तिला वाटलं. चार दिवस विहिरीकडे गेली नसती तर कदाचित भीती परतलीही असती. पण पलीकडून निरोप आला, ब्राह्मीला कळा सुरू झाल्यात.

ती नावेत बसली. रायगोंडा तिला धीर देत होता आणि ती मनोमन भीतीला हाका मारत होती. मधल्या खोल पाण्यावर ती वाकली, हात कोपरापर्यंत बुडवला. पाणी गार होतं, एवढंच.

बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. चौथ्या दिवशी ब्राह्मी पडल्या पडल्या म्हणाली, "आव्वा, तुझं भ्या गेलं न्हवं? आता तरी सांग की, आप्पा कसं दिसायचं?" लहानपणी तिने हे विचारलं की आई थरथरायची आणि आजी तिला बाहेर पिटाळायची.

"उंच हुते," पद्मावती म्हणाली. हे तर गावात कुणीही सांगितलं असतं.

"आनी?"

पद्मावती बराच वेळ लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळे, नाक, हनुवटी, सगळं तिने शोधलं. ओळखीचं काही सापडेना.

"आठवंना गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. पोटुशीने रडायचं नसतं म्हणून रायाप्पा गेला तेव्हा सासूने तिला रडू दिलं नव्हतं. ते सगळं आता आलं. ब्राह्मी उठून बसली, आईच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "असू दे गं आव्वा. भ्या तरी गेलं."

"त्येच तर," पद्मावती म्हणाली. "जरा ठेवून घ्याया पायजे हुतं."