इद्दतीतली पाळत

माझ्या धाकट्या भावाला संशयाची जुनी खोड आहे. ती आमच्या घरातच आहे म्हणा. दूधवाला जरा हसून दूध घालून गेला तरी मी पातेल्यात डोकावून बघते. पण माझा संशय पातेल्यापाशी थांबतो. त्याचा बायकोपर्यंत गेला.

त्याचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे हा गिऱ्हाईक बघायचा आणि मागच्या खोलीत भावजय काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. फ्रेम विकायला येणाऱ्या एका एजंटाशी ती दोनदा हसून बोलली, एवढंच निमित्त. घरी येऊन त्याने अम्मीसमोर आणि माझ्यासमोर तिला एक तलाक दिला. रागाच्या भरातही नाही, अगदी सावकाश, चहा संपवून.

काझींनी दोघांना बसवून नीट समजावलं. एका तलाकने लग्न लगेच तुटत नाही. तिला तीनदा पाळी येऊन जाईपर्यंत तिची इद्दत, म्हणजे थांबायची मुदत. तोवर तिने याच घरात राहायचं, खर्च याने करायचा, आणि तेवढ्यात याने नुसतं 'परत घेतलं' म्हटलं तरी संसार होता तसा सुरू. त्याला तिची परवानगीही लागत नाही. इद्दत संपली की मात्र तो हक्क गेला. मग नव्याने निकाह, तिला द्यायची नवी मेहेरची रक्कम आणि तिचा होकार.

आमच्या भाऊसाहेबांनी यातलं पहिलं अर्धंच कानात घेतलं. लगाम आपल्या हातात म्हणून स्वारी निवांत. अम्मी रोज मागे लागायची, बोलून टाक बाबा एकदा. तो म्हणायचा, आधी तिने चूक कबूल करावी. दुकानातल्या कॅलेंडरवर तीन महिने मोजून त्याने एका तारखेला गोल केला होता.

तिच्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. नवरा गेल्यापासून मी माहेरीच असते, आणि खरं सांगायचं तर मला कुणी सांगायची गरजही नव्हती. ती गुणगुणली की माझे कान टवकारलेच. एकदा तिने काजळ घातलं तर मी थेट काझींना फोन लावला. ते म्हणाले, घालू दे की, त्याचं मन वळलं तर बरंच आहे. मला काही पटलं नाही. ती फोन घेऊन गच्चीवर गेली की मी वाळलेले कपडे काढायला वर जायचे, कपडे ओले असले तरी. ती आपल्या बहिणीशी बोलत असायची. भाऊ घरी आला की मी त्याला इत्थंभूत सांगायचे. मला ती आवडायची, म्हणूनच जास्त राग यायचा.

गोल केलेल्या तारखेला आठवडा होता तेव्हा तो दुकान लवकर बंद करून आला. दाढी केलेली, शर्ट नवा. अम्मीला आणि मला त्याने साक्षीला उभं केलं. भावजय भाजी चिरत होती.

"मी तुला परत घेतलं," तो म्हणाला, मोठे उपकार केल्यासारखा.

तिने सुरी खाली ठेवली. "उशीर झाला. इद्दत परवाच संपली."

आधी तो हसला, मग त्याचा चेहरा पडला आणि मग लाल झाला. खोटं बोलतेय म्हणाला. तसाच आम्हा सगळ्यांना घेऊन काझींकडे गेला.

काझींनी तिला एकदाच विचारलं. तिने तेच सांगितलं. मग ते भावाला म्हणाले की पाळी येणाऱ्या बाईची इद्दत कॅलेंडरवर मोजत नसतात; दिवसांचा मेळ बसतोय, आणि या बाबतीत बाईचा शब्द प्रमाण. "त्यात तुमचं म्हणणं चालत नाही, आणि तुमच्या बहिणीचंही नाही." मी मान खाली घातली. एवढी पाळत ठेवली आणि नेमकं तेवढंच मला माहीत नव्हतं.

भाऊ खुर्चीत खचला. ही खरंच जाणार, हे त्याला तेव्हा कुठे कळलं असावं. घसा खाकरून त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "माझ्याशी पुन्हा निकाह करशील?"

एवढ्या वर्षांत त्याने तिला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. हो म्हण गं बाई, मी मनात म्हणत होते. तिने लगेच नकार दिला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरलेले मला दिसले.

"एकच सांगा. परवा संपली म्हटलं, ते खरं वाटतं तुम्हाला?"

नुसतं हो म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि आधी माझ्याकडे बघितलं.

तिने डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि काझींना सांगितलं, "माझा होकार नाही."